छत्तीसची कंबर

आमच्या ह्यांनी शिजवलेलं अन्न सोडलं, त्याला सात महिने झाले. छापखान्यातल्या कुणा सोबत्याची साखर म्हणे नुसतं कच्चं खाऊन उतरली. झालं! ह्यांनी आपल्या मधुमेहाच्या गोळ्या कपाटात टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ताटात गाजर, कोबी, काकडी आणि मूठभर भिजवलेले दाणे. मी भाताचं नाव काढलं की विष वाढल्यासारखे बघायचे.

पहिल्याच महिन्यात त्यांची पँट ढिली झाली. मी कपडे शिवते, पुढच्या खोलीतच माझं मशीन. शिवणकाम करणारीचा नवरा ढगळ कपड्यांत फिरला तर गिऱ्हाइकं काय म्हणतील? मी न बोलता कंबर बोटभर आत घेतली आणि इस्त्री करून ठेवून दिली. ह्यांना पत्ताही लागला नाही. मग दर दोन-तीन आठवड्यांनी तेच. उसवायचं, आत घ्यायचं, टीप मारायची. मागचे दोन खिसे एकमेकांना भिडायला आले, तेव्हा एक खिसा मी काढूनच टाकला.

मला दिसत नव्हतं असं नाही. बोलून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. लेकीने फोनवर कानउघाडणी केली. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "माझे कपडे बघ, जसेच्या तसे बसतात. कुठे वाळलोय मी?" मीच फसवत होते ना! रोज मनाशी म्हणायचे, उद्या सांगू.

परवा हे जिन्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं. "काका, वजन कधीपासून उतरतंय?"

"उतरलंच नाही. ही पँट तीन वर्षांपूर्वीची आहे."

मला राहवलं नाही. तिथेच त्यांची कमरपट्टी उलटी करून दाखवली. जुन्या टिपांची भोकं, एकापुढे एक, अकरा ओळी. "छत्तीसची तीस केलीय मी," म्हटलं, आणि रडायला लागले. वाटलं, आता तरी घाबरतील. निदान माझ्यावर भडकतील.

हे भोकांवरून बोट फिरवत राहिले. मग चेहरा असा खुलला! "सहा इंच? अगं, आधी नाही का सांगायचंस? म्हणजे गुण येतोय!"

डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं. अंगातलं मांस झडतंय, रक्त कमी झालंय, आजपासून गोळ्या आणि दोन वेळचं नीट जेवण. ह्यांनी मान डोलावली, चिठ्ठी घडी करून खिशात घातली. घरी येऊन काकडी किसली.

आज सकाळी मशीनजवळ येऊन हात वर करून उभे राहिले. "घे माप. आता दर आठवड्याला घ्यायचं."

मी टेप लावली. साडेएकोणतीस. ते सांगितलं असतं तर पुन्हा हुरूप आला असता. आकडा उतरायच्या जागी चढला असं वाटलं, तर कदाचित नाद सोडतील. म्हणून म्हटलं, "एकतीस."

"वाढली?" त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "ते दाणे बाधतायत. उद्यापासून दाणेही बंद."