पाठमोरी बेगायम

बारा वर्षं फ्रुंझे शहरातल्या नाटकांतून मोलकरणींची कामं करून बेगायम वैतागली होती. त्यामुळे दिग्दर्शक दोरोनबेकने एका गाजलेल्या कादंबरीवरच्या सिनेमात विधवेचं काम देऊ केलं तेव्हा ती हरखूनच गेली. कादंबरीही अशी, की शाळकरी पोरांना पानंच्या पानं पाठ. नवरा गेल्यावर विधवा शोकगीत गाते, तिथे तर लेखक असनकुलने तिच्या नुसत्या चेहऱ्यावर तीन पानं खर्ची घातलेली. ती तीन पानं आपलं नशीब उघडणार, याबद्दल बेगायमला शंकाच नव्हती.

नारिन नदीजवळच्या कुरणात तंबू उभारला. गाण्याला साथ द्यायला गावातल्या बायका आणल्या. कॅमेरा दारात ठेवला, त्याच्याकडे तोंड करून बेगायमने सूर लावला आणि बायका एकदम गप्प झाल्या.

"काय झालं?" दोरोनबेकने विचारलं.

"ही रडतेय की फोटो काढून घेतेय?" त्यांतली सत्तरीची साइरा आपा फणकारली. "आमच्यात बाई तंबूच्या भिंतीकडे तोंड करून रडते. दाराकडे बघून रडायला काय पाहुणे मोजायचेत?"

शहरात वाढलेला दोरोनबेक ओशाळला. मग म्हणाला, "बेगायम, भिंतीकडे वळ. कॅमेरा इथंच राहील."

"अहो दादा, वेणीच दाखवायची तर कुणालाही बसवा की! मला कशाला आणलंत?"

"कुणालाही जमणार नाही म्हणून."

असल्या गोड बोलण्याला ती भुलणारी नव्हती. धुसफुसत वळली, रागारागाने गायला लागली, आणि गाता गाता राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. खांदे गदगदू लागले. साइरा आपाने सूर उचलला. दोरोनबेकने कॅमेरा हलू दिला नाही. पुढे स्टुडिओतून तारांवर तारा आल्या, चेहरा घ्या म्हणून. हा पठ्ठ्या बधला नाही! केवढी छाती लागते त्याला.

सिनेमा तुफान चालला. फ्रुंझेच्या खेळाला म्हातारा असनकुल स्वतः आला होता. दिवे लागल्यावर तो काठी टेकत आपल्याकडेच येतोय हे पाहून बेगायम उठून उभी राहिली. त्याच्या तीन पानांतली एक ओळही पडद्यावर नव्हती.

"तुमची पानं..." ती चाचरली.

"वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, पोरी," तो म्हणाला. "दारातून आत आलो, तर आईची नुसती पाठ दिसली. चेहरा पाहिलाच नाही, म्हणून तीन पानं रचत बसलो."

बेगायमने त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं.

"आज आई दिसली," म्हातारा म्हणाला आणि तिथेच रडू लागला.