रेघांची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी धर्मादाय इमारत आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच चुकचुकू नका. समोरच्या त्या काचेच्या उंच इमारतींचा पायाही खणला नव्हता, तेव्हापासून मी उभी आहे. आणि त्यांच्यासारखी पहिल्या पावसात गळत नाही.

शहराच्या अगदी पोटात, दोन गोदामांच्या मध्ये मला एका सुताराने बांधले. त्याची बहीण हात धुऊन मागे लागली म्हणून बांधले, हे खरे. तिला सगळे आत्याबाई म्हणत. काम सुटलेली माणसे गोदामांच्या पायऱ्यांवर उपाशी बसलेली तिला पाहवत नसत. "नुसती लाकडं रचून काय दिवे लावणार आहेस? चार भिंती घाल, चुलीचं मी बघते," असे ती भावाला म्हणाली. भावाने निमूट ऐकले. एक लांब खोली, मागे स्वयंपाकघर, बाकांच्या दोन ओळी आणि एका भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत जाड लाकडी फळ्या. एवढाच माझा थाट.

दारात कोणाला नाव विचारायचे नाही, हा आत्याबाईंचा नियम. "भुकेल्याला नाव विचारलं की तो मान खाली घालून जेवतो. माझ्याकडे मान वर करून जेवायचं," असे त्या म्हणत. त्यामुळे माझ्याकडे कोण आले, कोण गेले, याची कुठे नोंद नाही. नोंद झाली ती वेगळ्याच तऱ्हेने.

एक हमाल जवळजवळ वर्षभर माझ्याकडे जेवला. मग त्याला कायमचे काम लागले. दुसऱ्या दिवशी तो आला, पण बाकावर बसला नाही. खिशातून खिळा काढला आणि भिंतीच्या फळीवर एक उभी रेघ ओढली.

"अरे ए! लाकूड माझ्या भावाचं आहे, तुझ्या बापाचं नाही!" आत्याबाई कडाडल्या.

"माझी जागा आता दुसऱ्याला द्या, आत्याबाई. मी उठलो, त्याची ही खूण," तो म्हणाला.

आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी रेघेवरून बोट फिरवले. मग तोच खिळा सुतळीला बांधून भिंतीशी टांगला.

तेव्हापासून रीतच पडली. ज्याला माझ्या जेवणाची गरज उरली नाही, तो परत येऊन एक रेघ ओढायचा. एका धोबिणीने दोन ओढल्या, एक स्वतःची आणि एक पोटातल्या बाळाची. एका आंधळ्या माणसाची रेघ वाकडी होत शेजाऱ्याच्या रेघेत घुसली, तर त्यावरून दोघांत भांडण जुंपले! अशा सगळ्या फळ्या भरल्या. लोक बघायला येत, बोटे फिरवत. मला तेव्हा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मग दिवस फिरले. आत्याबाई गेल्या. गोदामे बंद पडली. माझी कौले निखळली, खिडक्यांना पुठ्ठे लागले. राहिल्या एकट्या काकू. नऊ वर्षांच्या असताना त्या आईचे बोट धरून माझ्याकडे जेवायला आल्या, भाजी निवडायला बसल्या आणि पुढे सगळे स्वयंपाकघरच त्यांच्या हाती आले. तोंड तिखट, पण पातेल्यात चेहरा दिसावा इतके लख्ख घासायच्या. आज चाळीस माणसे जेवतात ती त्यांच्या जिवावर.

गेल्या महिन्यात पत्र आले. माझ्या जागी गाड्या ठेवायची इमारत बांधायची आहे. पण त्याआधी जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचा अधिकारी मला पाहायला येणार. तो 'जपण्याजोगी' म्हणाला तर मी राहीन, आणि ही चाळीस माणसेही. काकूंच्या धाकट्या सुनेने पत्र मोठ्याने वाचले.

"इतका मोठा माणूस येणार आणि आपण त्याला हे ओरखडे दाखवायचे?" काकू म्हणाल्या. "पॉलिश पेपर आणा. रंग आणा."

"आई, खाली लिहिलंय, काही बदलू नका."

"बदलतंय कोण? साफ करतेय मी. घाण दाखवून कोणी शाबासकी देतं का?"

"पण त्या रेघा... यातली तुमची कुठली?"

"माझी नाही. मी इथून उठले कधी, रेघ ओढायला? हात चालव!"

चार दिवस त्या घासत होत्या. हमालाची रेघ गेली. धोबिणीच्या दोन्ही गेल्या. सगळ्यांचा मिळून सूपभर भुसा झाला आणि केराबरोबर बाहेर गेला. मला ओरडता आले नाही. वर दोन हात पिवळट रंग बसला.

अधिकारी आला. त्याने पातेल्यांकडे पाहिले नाही, बाकांकडे पाहिले नाही. थेट भिंतीपाशी गेला.

"इथं रेघा होत्या ना?"

"होत्या की! एक ठेवली नाही," काकू अभिमानाने म्हणाल्या. "हात लावून बघा, लोण्यासारखं लागतंय."

त्याने हात लावला.

"काकू, मी त्याच बघायला आलो होतो. अशा जुन्या खोल्या या शहरात पन्नास आहेत. रेघांची भिंत एकच होती."

काकूंच्या हातातला चहाचा कप त्याला द्यायचा राहिला. सुनेने तो हळूच काढून घेतला.

काल दारावर पाडकामाचा कागद लागला. आज शेवटची पंगत उठली. काकूंनी पातेली नेहमीसारखीच घासली. मग सगळ्यांना बाहेर काढून रंग देताना चमच्यांच्या डब्यात टाकलेला तो जुना खिळा शोधला, भिंतीपाशी आल्या आणि जोर लावून एक रेघ ओढली. पिवळा रंग सोलला गेला, आतले काळे लाकूड दिसले.

मित्रांनो, माझ्या या काकूला नावे ठेवू नका. बाकीच्यांनी मला विसरून मारले, हिने जीव लावून. माझी विनंती एवढीच, की जुन्या भिंतीवर ओरखडा दिसला तर घासायला हात उचलण्याआधी विचारा, हा कोणाचा? माझ्या अंगावर आता एकच उरला आहे. तो कोणाचा, हे निदान तुम्हाला तरी ठाऊक आहे.