उशिरा पडलेली टाळी

"तुझ्यामुळे हरलो असं मी एकदा तरी म्हणालो का?" दादा ओरडला.

"नाही म्हणालास. पण सगळे म्हणत होते तेव्हा 'असं नाहीये' एवढंही म्हणाला नाहीस!"

"आवाज खाली कर."

"का? भिंतीला कान आहेत म्हणून? असू देत! भिंतीलाही कळू दे की आमचे कॅप्टनसाहेब मुद्दाम हरतात आणि भावाला बळीचा बकरा करतात!"

आईने ओट्यावर फडकं आपटलं. "डोकी फोडायची असतील तर बाहेर अंगणात जाऊन फोडा. मला इथे दोनदा पुसायला वेळ नाही."

दादा खुर्चीत बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता. दुपारी बास्केटबॉलची सेमीफायनल होती. त्याची बॅग दाराशी भरून तयार होती आणि दारात, बॅगेच्या आणि त्याच्या मध्ये, तडतड्या उभा होता. तडतड्या म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. खरं नाव होतं त्याला, पण तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा तो बोलायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला याच नावाने हाक मारायची. शाळेने काढून टाकायच्या आत त्याने स्वतःच शाळा सोडली होती आणि आता टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. कॉलेजचं तोंडही न पाहिलेला हा पोरगा कॉलेजच्या टीमसाठी जीव टाकायचा. त्याचं काय आहे, त्या टीममध्ये त्याचा दादा होता. हॉलमध्ये दादाला 'खांब' म्हणायचे. उंचीमुळे, आणि हलत नाही म्हणूनही.

कॉलेज तरी केवढं? दोन मजले आणि मागे पत्र्याचा एक हॉल. जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा, त्यांवर बॅडमिंटनच्या रेषा, त्यांवर कुणीतरी सांडलेला ऑइलपेंट. कॉलेजची पोरं सामन्याला यायची ती सावलीत मोबाईल बघायला. ओरडायला यायची ती गल्ली. सलूनवाले काका, बेकरीवाला जाड्या, त्याची बहीण, आणखी पाचपन्नास. ते सगळे एका कोपऱ्यात बसायचे, म्हणून त्यांचं नावच 'कोपरा' पडलं. आणि कोपऱ्याच्या सगळ्यात पुढे, कठड्याला पोट लावून, तडतड्या.

कारण टाळी त्याची होती.

ती अशी सुरू झाली. टायरच्या दुकानामागच्या भिंतीला एक जुनी लोखंडी रिंग ठोकलेली होती. दादा तिथे तासन्‌तास बॉल टाकायचा. धावता धावता टाकला की हमखास जायचा, पण एका जागी उभं राहून फ्री थ्रो टाकायचा म्हटलं की त्याच्या डोक्यात विचारांची जत्रा भरायची. बॉल हातात धरून तो नुसता बघत बसायचा. एकदा तडतड्या वैतागला आणि फाट्‌कन टाळी वाजवून म्हणाला, "टाक की आता, अंडं उबवतोयस का?" दादाने टाकला. गेला. पुन्हा टाळी, पुन्हा गेला. तेव्हापासून दादा फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की तडतड्या एक टाळी देणार आणि त्या टाळीवर बॉल सुटणार, असं ठरूनच गेलं. काकांनी कोपऱ्याला दम देऊन ठेवला होता, टाळी पडेपर्यंत कुणी खोकायचं नाही. समोरच्या टीमची पोरं मुद्दाम खोट्या टाळ्या वाजवायची. दादा ढिम्म हलायचा नाही. रबर आणि लोखंडी पाने हाताळून तडतड्याचे तळवे लाकडासारखे झाले होते. फळीवर फळी आपटावी तशी त्याची टाळी वाजायची, ती शंभरात ओळखू यायची.

मागच्या आठवड्यात फार्मसीवाल्यांशी सामना होता. शेवटी एक गुण कमी, आणि दादाला दोन फ्री थ्रो. कोपरा चिडीचूप. तडतड्याने टाळी दिली. बॉल रिंगवर आपटून बाहेर. दुसरी टाळी. पुन्हा बाहेर. संपलं.

मागून काका पुढे वाकले आणि फक्त एवढंच म्हणाले, "उशीर केलास रे."

झालं. कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधावा तसं ते वाक्य त्याच्यामागे खणखणत फिरलं. बेकरीत पाव आणायला गेला तर जाड्या म्हणाला, "हात गोठले होते का?" दुकानात हवा भरायला आलेली पोरं त्याला बघून मुद्दाम थांबून थांबून टाळ्या वाजवायची. एरवी तडतड्याने पाना फेकून मारला असता. या वेळी मान खाली घालून हवा भरली. कारण त्याला स्वतःलाच वाटत होतं, की झाला असेल उशीर. अन्न गोड लागेना. मोरीत पाणी सोडून, त्या आवाजाआड तो टाळ्या वाजवून बघायचा. आई बाहेरून विचारायची, "डास मारतोयस का रे?"

शेवटी एकदा दादाच्या गादीशी जाऊन उभा राहिला. आयुष्यात कुणाची माफी न मागितलेला पोरगा. "दादा, माझं चुकलं."

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही. म्हणाला, "झालं ते झालं. झोप."

केवढं मोठं मन आहे याचं, असं वाटून तडतड्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्याचाच आता त्याला सगळ्यात जास्त राग येत होता.

कारण काल स्टूल आला होता पंक्चर काढायला. स्टूल म्हणजे टीममधला बदली खेळाडू. कायम बाकावर बसलेला, म्हणून स्टूल. ट्यूब पाण्यात बुडबुडत असताना तो आपला सहज बोलून गेला, "काय ॲक्टिंग केली रे तुझ्या भावाने! दोन्ही बॉल असे बेताने रिंगवर घातले, की पंचालाही हळहळ वाटली."

"कसली ॲक्टिंग?"

स्टूलचा चेहरा पडला. "तुला सांगितलं नाही त्याने? मला वाटलं, घरातल्या घरात..."

मग पान्याचा धाक दाखवल्यावर सगळं बाहेर आलं. दोन्ही टीम सेमीत आधीच पोचल्या होत्या. प्रश्न होता समोर कोण येणार याचा. जिंकलो असतो तर इंजिनिअरिंगवाले, ते रेड्यासारखे पोरगे. हरलो तर कॉमर्सवाले, ज्यांना कुणीही हरवावं. सरांनी टीमला खोलीत घेऊन सांगितलं, आज हरायचं. पण दिसायचं नाही.

"सरांनी सांगितलं ते मी केलं," दादा आता पट्टीचं टोक दाताने तोडत म्हणत होता. "मी एकट्याने काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस."

"तुला? तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का? संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं."

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणून तडतड्या आणखी भडकला. "बरं, आधी नव्हतं सांगायचं. पण सामन्यानंतर? मी गादीशी येऊन उभा राहिलो तेव्हा? तेव्हा कोणता पंच बघत होता तुझ्याकडे?"

दादाने बुटाची नाडी बांधायला घेतली.

"आज सगळ्या कोपऱ्यासमोर सांग. टाळी वेळेवर होती एवढंच सांग. बाकीचं नको सांगूस."

"सामना झाल्यावर बघू."

"आधी."

दादा उठला. त्याला बाजूला सारून त्याने बॅग उचलली. दारात थांबला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "पुढे उभा राहा आज. तुझ्या टाळीशिवाय माझा हात उठत नाही, माहितीये ना तुला?"

गेला.

तडतड्या तिथेच राहिला. त्या एका वाक्याने त्याचा अर्धा राग कुठे पळाला, ते त्याला कळेना. आई म्हणाली, "जा ना. भाऊच आहे तुझा, कुणी परका आहे का?" त्याने मनाशी ठरवलं, आधी काकांना गाठायचं. काकांना खरं काय ते कळलं, की कोपरा आपल्या बाजूने उभा राहील. कोपऱ्याने दादाला जाब विचारला, की त्याला बोलावंच लागेल. नाव साफ झालं, की द्यायची टाळी. मग हवी तेवढी.

सलूनमध्ये काका शेवटचं गिऱ्हाईक उरकत होते. एका माणसाच्या तोंडावर फेस, खुर्चीवर मान मागे टाकलेली. तडतड्याने एका दमात सगळं सांगितलं. काकांचा वस्तरा एकदाही थांबला नाही.

"माहितीये मला," काका म्हणाले.

"काय माहितीये?"

"सर त्याच दिवशी सकाळी दाढीला आले होते. या खुर्चीतच बसून बोलले. म्हणाले, कोपऱ्याला कळू देऊ नका, ओरडणं खरं वाटलं पाहिजे. बरोबरच होतं त्यांचं. खोटं ओरडणं लगेच कळतं." त्यांनी गिऱ्हाइकाचा गाल अंगठ्याने ताणला. "हलू नका हो."

तडतड्या आरशासमोर आडवा येऊन उभा राहिला. "मग... मग मला का म्हणालात, उशीर केलास?"

"अरे, खांबाने लागोपाठ दोन चुकवले म्हटल्यावर लोक विचारणार नाहीत का? काहीतरी कारण लागतंच की. तुझी टाळी होती समोर. तू पोर आहेस, चार दिवसांत विसरशील, असं वाटलं."

"मी जेवत नव्हतो काका!"

"मग आज जेव. आज जिंकतोय आपण." काका हसले. वर म्हणाले, "आणि बरं का, सगळ्यांना मी सांगून ठेवलंय. तडतड्याला आज पुन्हा एक संधी द्यायची. कुणी काही बोलणार नाही तुला."

संधी! चोराने घरमालकाला ओसरीवर झोपायची परवानगी द्यावी, तसं झालं. तडतड्याने हात मारला तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली आरशापर्यंत उडाली. फेसातला माणूस डोळे न उघडता म्हणाला, "त्या पोराला आधी पाणी पाजा, आणि मग माझा गाल संपवा."

घरी जावं, असं तडतड्याला वाटलं. दुकानावर जावं, असंही वाटलं. पाय मात्र हॉलकडे निघाले. टाळी द्यायची नाही, हे आता पक्कं होतं. पण 'माझा हात उठत नाही' असं दादा म्हणाला होता. तो न उठलेला हात त्याला बघायचा होता. एकदाच. भर कोपऱ्यासमोर. पंच शिटी मारेपर्यंत बॉल धरून उभा राहिलेला खांब बघायचा होता. मग लोकांनी विचारलं असतं, टाळी का नाही दिलीस? मग तो सांगणार होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तो पुढे गेलाच नाही. सगळ्यात वर, दाराजवळ, वाळूच्या लाल बादलीशेजारी उभा राहिला. कोपरा आधीच पेटला होता. कठड्यापाशी त्याची जागा मोकळी ठेवलेली दिसत होती, एका माणसापुरती.

सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली असतील, तोच कॉमर्सच्या एका पोराने दादाला हातावर मारलं. फाऊल. दोन फ्री थ्रो.

काकांनी हात वर केला. कोपरा गप्प झाला. पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच काय तो आवाज. दादाने बॉल घेतला आणि कठड्याकडे पाहिलं. मोकळी जागा. मग त्याची नजर वर वर येत दारापाशी थांबली. काकाही वळले, जाड्याही वळला, हळूहळू सगळाच कोपरा माना वळवून वर बघू लागला. काकांनी दोन्ही तळवे एकमेकांवर आणून खूण केली. दे ना.

तडतड्याने हात काखेत दाबून धरले. दात इतके आवळले, की कानाखाली दुखायला लागलं.

दादाने बॉल जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा. श्वास घेतला. आणि तडतड्याची नजर तर घारीची, त्याला ते लगेच दिसलं. दादाच्या डाव्या बुटाची टाच किंचित उचलली गेली आणि जमिनीवर टेकली. टक्‌. त्या ठोक्यावर हात उठला, आणि बॉल जाळीतून रिंगला न शिवता खाली आला.

कोपरा फुटला. दुसरा बॉल. टाच. टक्‌. तोही आत.

एका सकाळीत येतं का हे? दोन वर्षं रिंगखाली उभा राहिलेला तडतड्या सांगू शकत होता, असं एका सकाळीत येत नाही. हात बसायला दिवस जातात. म्हणजे तो मोरीत पाणी सोडून टाळ्या वाजवत होता, तेव्हा हा इथे हॉलमध्ये टाच आपटत होता. आणि सकाळी दारात थांबून, आवाज मऊ करून...

खालून दादाने वर पाहिलं. आणि हसला. 'बघ, तुझं ओझं उतरवलं की नाही', असं म्हटल्यासारखा हसला. अगदी मनापासून.

जाड्या धापा टाकत पायऱ्या चढून आला आणि त्याने तडतड्याच्या पाठीवर थाप मारली. "पाहिलंस? आता तुझं काही टेन्शनच नाही! आता उशीर झाला तरी चालेल!"

"सरक."

"अरे, चाललास कुठे? आत्ता तर कुठे सुरू झालाय! ये ना खाली, तुझी जागा ठेवलीये."

"तिथे तू उभा राहा."

"रागावलास होय? अरे वेड्या, तुझा सख्खा भाऊ—"

"हात काढ पाठीवरचा. सरक म्हणतोय ना? मला निघायचंय आता."