कोपीची पाठ

"अजून टाका की बर्फ, चाचा. मॅडमनी सांगितलंय, घर अर्धं बुडलं पाहिजे."

जिलानींनी डब्यातला थर्माकोलचा चुरा मूठभर घेतला आणि पुठ्ठ्याच्या घरावर सोडला. घर बुडालं. मुलाची आई खूश झाली. मुलगा क्लासला गेला होता, त्याचा 'हिवाळा' हा प्रकल्प आईनेच शाळेत पोचवायचा होता. लातुरात आता मुलं फक्त अभ्यास करतात, बाकी सगळं त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी करतं. डिसेंबर लागला की शाळाशाळांतून हिवाळ्याचे प्रकल्प निघतात आणि गंजगोलाईमागच्या गल्लीत, जिलानींच्या ओट्यावर बर्फ पडायला लागतो. वीस वर्षांत त्यांनी हजारभर बर्फाळ डोंगर केले असतील. खरा बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला.

त्यांचे वडील मोहरमचे ताजिये करायचे. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांच्यात हात असे चालायचे की माणसं बघत उभी राहायची. तोच हात जिलानींकडे आला आणि टोकदार सूचिपर्णी झाडं वळण्यात खर्ची पडला. साठी आली, डोळ्यांत पाणी यायला लागलं. खरं सांगायचं तर त्यांना या पांढऱ्या रंगाचा वीट आला होता.

बाई गेली आणि दारात मोटरसायकल थांबली. बालाजी होता, जिलानींच्या जुन्या दोस्ताचा, शेषेरावांचा मुलगा. औसा रोडला शेषेरावांचं सात एकर शेत होतं. शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलं, तेव्हा बालाजीने तिथे क्लासच्या मुलांसाठी पाच मजली होस्टेल बांधलं. बाप-लेक आता तिथेच तळमजल्यावर राहत.

"चाचा, एक काम हाय तुमच्याकडं," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "आबांना काय आठवंना झालंय. येळवस जवळ आली की एकच घोशा लावत्यात. शेतात चला, कोप बांधायची हाय. मी म्हणतो, आबा, आपण शेतातच बसलाव. तर माझ्याच अंगावर येत्यात."

"अन् म्या काय करू?"

"शेत करून द्या. काचंच्या पेटीत. येळवशीच्या दिवसाचं, जसं व्हतं तसं. बघतील अन् जरा शांत व्हतील."

जिलानींनी हातावरचा चुरा झटकला. "मला वळखतील का रे?"

"मला परवा वॉचमन म्हणले, चाचा," बालाजी म्हणाला आणि उगाच हसला.

जिलानींनी काम घेतलं. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, सगळ्या घराने शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण, तोंडावर आली होती. शेषेरावांना शेत दिसावं हे तर होतंच, पण पेटी बघता बघता त्यांनी मान वर करावी आणि एकदा तरी "अरे जिलानी" म्हणावं, एवढा लोभ त्यांना सुटला. दीड वर्ष झालं, शेषेराव त्यांच्याकडे परक्यासारखं बघत होते.

ओळख बैलगाडीपासूनची. शेषेरावांची गाडी जिलानी रंगवत, दोन्ही बाजूंना मोर काढत. मग भूकंप झाला. किल्लारीकडे गावंच्या गावं गेली. लातुरात जिलानींचं दगडमातीचं घर पडलं नाही, पण भिंतीत हात जाईल एवढी फट पडली. त्यांच्या बायकोला, सालेहाला, सहावा महिना होता. तिसऱ्या दिवशी शेषेराव गाडी घेऊन दारात आले. "भांडी-कुंडी टाक गाडीत अन् चल. भिंतीखाली मरायचंय व्हय?" एवढंच बोलले. तो सगळा हिवाळा दोन्ही घरांनी शेतात काढला. रोज कुठेतरी जमीन गुरगुरायची आणि कडब्याच्या आडोशाला सगळ्यांना बिनघोर वाटायचं, कारण कडबा अंगावर पडून कुणी मरत नाही. येळवशीच्या आठ दिवस आधी त्यांचा मुलगा अक्रम तिथेच जन्मला. शेषेरावांच्या बायकोने, केवळाबाईंनी, बाळंतपण केलं. पुढे जिलानींनी घर नीट केलं, पण होस्टेल उभं राहीपर्यंत येळवशीला शेतात जाणं कधी चुकलं नाही. केवळाबाई जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

काम गच्चीवर सुरू झालं, उन्हात. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार आणून त्यांनी पीळ देत बाभळीचं खोड केलं. गोंद लावला, लाकडाचा भुसा चिकटवला, काळा रंग देऊन तो निम्मा पुसून काढला. पहिली बाभूळ फार ताठ झाली. दुसरी वाऱ्याची सवय असल्यासारखी कंबरेत वाकवली, तेव्हा कुठे ती त्या बांधावरची वाटली. बोरीवर मोहरीचे दाणे तांबडे करून एकेक डकवले. हिवाळ्याचा हिरवा एक नसतो, हे बर्फ करताना ते विसरूनच गेले होते. ज्वारीचा हिरवा निळसर, हरभऱ्याचा गर्द, काढणीला आलेल्या तुरीचा पिवळा पडलेला. केरसुणीचे हीर कापून ज्वारी उभी करण्यात पाच दिवस गेले. मग त्याच हिरांची कोप बांधली, येळवशीला घालतात तशी, वर टोकाला बांधलेली कडब्याची झोपडी.

सालेहा चहा घेऊन वर आली. "अजी, कित्ता बारीक करते बैठते? आंखां जातीं तुमारी."

"दव न्हाई जमत," जिलानी म्हणाले. "हरभऱ्यावर सकाळी कसं दव असायचं. धुकं तर जमतच न्हाई."

सालेहा बाभळीपाशी खाली वाकली. "येच पेड के नीचे मेरे कू धूप में बिठाते थे भाबी," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसत खाली गेली. जिलानींना मनातून फार बरं वाटलं. हिने ओळखलं, मग शेषेराव का ओळखणार नाहीत?

येळवशीच्या सकाळी रिक्षात मांडीवर पेटी धरून ते होस्टेलवर पोचले. पुढची काच बसवायची बाकी होती. बालाजीने पेटी टेबलावर ठेवून घेतली, हौसेने वाकला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"चाचा, ही कोप उलटी बसवलीय."

"उलटी कशी?"

"पुढून पाठच दिसायलीय की. दार पलीकडं. पूजा कुठं हाय? पांडव कुठं हायत?"

कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांचीच पूजा असते. जिलानींनी वाकून पेटीत पाहिलं. बाभळीखालून जसं दिसतं तसं शेत त्यांनी केलं होतं. पूजा चालू असताना ते दर वर्षी तिथेच बसायचे. कुणी हटकलं नव्हतं, कुणी या असंही म्हटलं नव्हतं. आपण मुसलमान, दुसऱ्याच्या देवाच्या कामात कशाला मध्ये यावं, म्हणून पहिल्याच वर्षी ते सालेहाला घेऊन बाजूला जाऊन बसले आणि तीच रीत पडून गेली. पूजा झाली की केवळाबाई भज्जीचं, म्हणजे पिठात शिजवलेल्या शेंगाभाज्यांचं, ताट आणि आंबट ताकाच्या अंबिलाचा तांब्या घेऊन झाडाखाली यायच्या. भज्जीत किती तऱ्हेच्या शेंगा पडतात ते जिलानी सांगू शकले असते. कोपीच्या आत काय असतं, ते त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं आणि पाहिलं नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"पांडव केलेच न्हाईत, बाबा," ते हळू आवाजात म्हणाले. "म्या कधी बघितले न्हाईत."

बालाजीने पेटी थोडी वळवून पाहिली. "बरं, न्हाई तर न्हाई. पर कोप फिरवून घ्या. आबा पूजाच शोधतील, पाठ बघून काय कळणार त्यांना?"

खरंच होतं ते. जिलानींनी पिशवीतून पातं काढलं आणि कोपीच्या बुडाला लावलं. गोंद पक्का बसला होता. फिरवायची म्हणजे भोवतालचा हरभरा उखडणार होता.

"काय करायलाव हितं?"

शेषेराव काठी टेकत आतल्या खोलीतून आले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका. सण असल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बालाजीने खुर्ची पुढे सरकवली. ते बसले आणि त्यांनी पेटीसमोर डोळे आणले. मग एक बोट आत घालून त्यांनी वाकलेल्या बाभळीला हळूच लावलं.

"आपलं शेत," ते म्हणाले.

"व्हय, आबा," बालाजी म्हणाला.

"मी कुठं हाय?"

बालाजीने जिलानींकडे पाहिलं. जिलानी जवळ येऊन खाली बसले. "आत हाव की तुम्ही, दादा. पूजेला बसलाव."

"मी आत," शेषेराव विचारात पडले. "मग हितून हे कोण बघायलंय?"

"म्या, दादा. जिलानी."

शेषेरावांनी मान वळवली. त्यांचे डोळे जिलानींच्या चेहऱ्यावरून फिरले, दाढीवर थांबले, पुन्हा डोळ्यांपाशी आले. त्या नजरेत माया होती, आदर होता, ओळख मात्र कुठेच नव्हती.

"लई लांब बसलाव, पाव्हणं," शेषेराव म्हणाले. "आत यायचं की."

जिलानींनी पातं मिटून खिशात टाकलं. बालाजी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता आलाव तर जेवल्याबिगर जायचं न्हाई," शेषेरावांनी बजावलं.

"न्हाई जात," जिलानी म्हणाले आणि खुर्चीच्या पायाशी मांडी घालून बसले.

शेषेराव पेटीवर वाकले. "अगं केवळा, एक पान वाढव," त्यांनी कोपीकडे तोंड करून सांगितलं आणि जिलानींच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा जरा. आणायलीय." मग स्वयंपाकघरातून खरीच जेवायची हाक येईपर्यंत दोघेही कोपीकडे बघत बसून राहिले.