थोरल्या साहेबांचा खोकला

थोरल्या साहेबांना जन्मात कधी खोकला झाला नव्हता. तरी त्यांच्या खोकल्यानं जितकी माणसं तुरुंगाबाहेर राहिली, तितकी कायद्याच्या पुस्तकांनीही राहिली नसतील, असं वकीलसाहेब आजही छातीठोकपणे सांगतात. निम्मं सोडून द्या. उरलेलंही थोडं नाही.

वकीलसाहेब त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा उलटतपासणीची तालीम ऑफिसातच व्हायची. थोरले साहेब साक्षीदार होऊन खुर्चीत बसत आणि इतकं बेमालूम खोटं बोलत की भिंतीवरचं कॅलेंडर लाजून तोंड फिरवी. ज्युनियरनं कामापुरतं उत्तर काढलं रे काढलं की टेबलावरची पितळी घंटी टण्‌कन वाजे.

"बसा! पदरात पडलं ते घ्या आणि बसा. पुढचा प्रश्न हौसेचा. हौस तुमची, शिक्षा अशिलाला."

एके दिवशी ती घंटी नाहीशी झाली. सगळं ऑफिस उलटंपालटं केलं, तरी मिळाली नाही. तेव्हापासून साहेब खोकू लागले: दोन आखूड, एक लांब. त्यात फायदाच झाला. घंटी काही भर कोर्टात वाजवता आली नसती. मागच्या बाकावरून खोकला आला की वकीलसाहेब असतील तिथे मटकन बसत. एकदा तर खुर्ची नव्हती, तरी बसले.

थोरले साहेब जाऊनही आता वीस वर्षं झाली. वकीलसाहेब सत्तरीला टेकले, गुडघे कुरकुरू लागले, आणि गेल्या महिन्यात आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा उभा राहिला पाहुणा.

पाहुणा म्हणजे थोरल्या साहेबांचं जुनं गिऱ्हाईक. परक्याच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवायचा, म्हणून हे नाव. बाहेरच्या चपलांमुळेच तो सात वेळा पकडला गेला, तरी सवय सुटली नाही. आता म्हातारा झाला होता. मुलीनं सांगितलं होतं, "पुन्हा आत गेलात, तर माझ्या घराचं दार बंद. नाहीतर खोली झाडून ठेवलीय, या." ती मागच्या बाकावर पदर मुठीत धरून बसली होती.

आरोप चांदीचे चमचे चोरल्याचा. पाहुणा म्हणाला होता, "धाकटे साहेब, या खेपेला मी नाही. शपथ." सत्तरीच्या माणसाला धाकटे साहेब म्हणणारा जगात हा एकच उरला होता. वकीलसाहेबांनी त्यावरच वकीलपत्र घेतलं.

साक्षीला समोरच्या घरातले मास्तर. दिवेलागणीला पाहुण्याला चोरीच्या घराच्या खिडकीत पाहिलं म्हणाले.

"चष्मा कुठे होता, मास्तर?"

"टेबलावर."

"आणि डोळे?"

"डोळे मजजवळ!" कोर्ट हसलं.

"मधे रस्ता?"

"हो. आणि झाड."

झालं! चष्मा नाही, उजेड नाही, वर झाड. इथेच बसायचं. पण वकीलसाहेबांना कोर्टाला हसवण्याची चटक लागली. जिभेवर प्रश्न आलाच: मग मास्तर, ओळखलंत तरी कसं? त्यांनी तोंड उघडलं.

आणि मागून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

वकीलसाहेबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते मटकन बसले. मग हळूच वळून पाहिलं, तर पिंजऱ्यातला पाहुणा तोंडावर रुमाल धरून छताकडे बघत होता.

आठवड्यानं पाहुणा निर्दोष सुटला. मुलगी रिक्षा बघायला गेली, तसं वकीलसाहेबांनी त्याला जिन्यात गाठलं.

"बुवा, तुम्ही चोरी केली नव्हती ना? मग खोकलात कशाला?"

"मास्तरांनी सांगितलं असतं ना! मीच खिडकीतून नमस्कार करून त्यांची तब्येत विचारली होती."

"म्हणजे तुम्ही होतात तिथे?"

"होतो की. पण ठेवायला. तीस वर्षांपूर्वी नेलेलं घड्याळ. पोरीची अट आहे, परक्याची एकही वस्तू घरात यायची नाही. गेलं वर्षभर घरोघर परत ठेवत फिरतोय. चमचे कुणी नेले, देव जाणे. पण माझं कोण ऐकणार?"

असला बचाव कोर्टात मांडला असता, तर दोघांनाही आत टाकलं असतं.

"आणि तो खोकला? अगदी हुबेहूब!"

"पिंजऱ्यात उभं राहून किती वर्षं ऐकला, धाकटे साहेब. शेवटी शेवटी तर साहेबांच्या आधी मला कळायचं, तुम्ही आता घसरणार."

मग पाहुण्यानं खांद्यावरची पिशवी उघडली.

"ही शेवटची वस्तू. साहेबांनी मला पहिल्यांदा सोडवलं, त्या दिवशीची. मोह झाला. द्यायला आलो दोनदा, पण ते खोकायला लागले होते, मग लाज वाटली."

पितळी घंटी. चिंचेनं घासल्यासारखी लख्ख.

वकीलसाहेब ऑफिसात आले. घंटी जुन्या टेबलावर, जुन्या जागी ठेवली. लाकडावर तिचा गोल डाग अजून होता. बराच वेळ उभे राहून त्यांनी ती एकदाच वाजवली.

टण्‌!

आणि समोर कुणी नसताना, मुकाट्यानं बसले.