दहा चित्रं, एक मिनिट

मी स्टॉपवॉच. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर चार वर्षं पडून आहे. बोलायची हौस नाही, पण गप्प राहण्यातही आता राम उरला नाही. बटण दाबलं की चालायचं, पुन्हा दाबलं की थांबायचं, एवढंच माझं शिक्षण.

१९७३ साली विभागप्रमुख रामराव सरांनी मला त्यांच्या विद्यार्थिनीच्या, बेबीनंदाच्या हातात दिलं. ती बदनापूरची. आई चांगुणाबाईनं मजुरी करून तिला एम.ए.पर्यंत आणलं होतं. खेड्यातल्या बायकांची स्मरणशक्ती शहरातल्या बायकांपेक्षा कमी असते, असं सरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. बेबीनंदानं फक्त आकडे आणायचे. दहा चित्रं दाखवायची, झाकायची आणि मिनिटभरात किती आठवतात ते टिपायचं. तिची पीएच.डी. त्यावरच होती.

हसनाबादला द्वारकाबाई नावाच्या सुनेला तीनच आठवली. घरोघर तेच, तीन नाहीतर चार. मी बराबर चाललो, बरं का! माझ्यात सेकंदाचीही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई कापूस वेचताना दिसली. आपणहून म्हणाली, "ताई, कालची चित्रं सांगू का?" आणि बैल, कंदील, सूप, कुलूप करत दहाच्या दहा सांगून मोकळी झाली.

"मंग काल का न्हाई सांगितली?"

"अगं बाई! सासूबाई शेजारी बसल्या व्हत्या की. त्या आठवून राह्यल्या, न् मी त्यांच्या आधी तोंड उघडू का?"

बेबीनंदा बांधावर मटकन बसली. मग एकटीच हसत सुटली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

तिनं सगळं पुन्हा केलं. एकशे वीस बायका, एकेकीला एकटं गाठून, कुणाला शेतात, कुणाला नदीवर. बहुतेकींना आठ-नऊ आठवली.

सरांनी कागद चाळले. "माझंच खोडायला निघालात होय?" म्हणाले आणि कागद ठेवून घेतले. उडू नयेत म्हणून वर मला ठेवलं. प्रबंधावर सही मात्र करेनात. ती दर सोमवारी रेल्वेनं यायची, दाराबाहेरच्या बाकावर बसायची. सर चहा संपवून म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात बघू." असे आठ महिने गेले. त्याच काळात तेच आकडे सरांनी दिल्लीच्या परिषदेत वाचले, स्वतःच्या नावानं.

ते ऐकून तिथल्या एक प्राध्यापक बाई आमच्याकडं आल्या. सरांनी बेबीनंदाला बोलावून त्यांच्यासमोर बसवलं. बाईंनी थेट तिलाच विचारलं, "बायकांना एकटं गाठून विचारायचं, हे सुचलं कुणाला?"

सर शेजारीच होते. बिनसहीचा प्रबंध त्यांच्या कोपराखाली होता.

मला कुणी सुरू केलं नव्हतं. पण सवय वाईट, मी मनात मोजत राहिलो. अकरा सेकंद गेले.

"सरांनाच," ती म्हणाली.

पाहुण्या बाईंनी वहीत तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सही झाली.

त्या आठवड्यात चांगुणाबाई पेढे घेऊन आली. सरांना हात जोडून म्हणाली, "लई उपकार झाले सर, पोरीला तुम्ही शिकवलं." बेबीनंदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी होती. मग तिनं मला कागदांवरून उचलून सरांच्या पुढ्यात ठेवलं, जमा केल्याची चिठ्ठी घेतली आणि आईला घेऊन गेली. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिलाही आला नसावा, किंवा आला असेल तर मला दिसला नाही.

आता ती जालन्याला कॉलेजात शिकवते, असं कानावर येतं. सरांच्या नावाचा तो लेख मुलांना अभ्यासाला आहे म्हणे. म्हणजे तीच शिकवत असेल.

माझं बटण घट्ट झालंय, तरी चावी दिली तर अजून चालेन. कुणाच्या हाती लागलोच तर एवढं करा. बटण दाबायच्या आधी, खोलीत आणखी कोण बसलंय ते बघा.