आबांची कानस

शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत ठुशीची फाईल पाठवायची होती आणि शुक्रवारी दुपारचे बारा वाजत आले तरी माझा कॉम्प्युटर पलंगावर उघडा पडला होता. माझे वडील, आबा, धुळ्याच्या बाजारात मेमरी आणायला गेले होते. मी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन येत होते.

मी दागिने घडवते, पण स्क्रीनवर. माझ्या फाईलवरून मेणाचा साचा निघतो, मग सोनं ओततात. जळगावच्या एका पेढीने चाचणी म्हणून चारशे मण्यांची ठुशी दिली होती. जमली तर कायमचं काम, तेही घरी बसून. नाही जमली तर पुण्याला परत जायचं आणि कॉल सेंटरात कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या. जुन्या मशीनवर ठुशी जरा फिरवली की सगळं हँग. म्हणून बुधवारी आबांसोबत जळगावला जाऊन हितेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मदरबोर्ड आणि प्रोसेसर आणला होता.

त्या दुकानात प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर आबांना मिळायचं. "बाबा, हा डीडीआर फाईव्हचा बोर्ड, नव्या मेमरीचा. पुढची दहा वर्षं बघायला नको." आबा मान डोलवायचे. एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं मेकॅनिक होते, त्यामुळे यंत्राचं काही निघालं की त्यांची मान आपोआप डोलते. माझं डोकं तापलं होतं. मेमरीचा भाव ऐकल्यावर मात्र आबा उठलेच. धुळ्यात रतिलाल ओळखीचा आहे, त्याच्याकडे घेऊ म्हणाले. मी चिठ्ठी लिहून दिली: डीडीआर फाईव्ह, आठ जीबीच्या दोन पट्ट्या.

आबा आले तेव्हा नेमका पेढीवरून फोन आला. घरात रेंज नसते, म्हणून मी गच्चीवर पळाले. "उद्या सहा म्हणजे सहा, ताई." बरं, बरं म्हणत खाली आले, तर आतून खर्र-खर्र आवाज.

आबा पलंगाजवळ बसले होते. एका हातात कानस, मांडीवर हिरवट भुकटी.

"देख माय," ते म्हणाले, "बठी गयं! खाच जराशी सरकेल व्हती."

मी पाकीट पाहिलं. डीडीआर फोर, म्हणजे आधीच्या पिढीची मेमरी. त्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, नेमकी भलत्या बोर्डात बसू नये म्हणून. आबांनी ती घासून बसवली होती, आणि काय सफाईने! घाईघाईने पट्टी काढली. नशीब, अजून वीज जोडलेली नव्हती.

"आणि चिठ्ठी?"

त्यांनी खिशातून काढली. घडी तशीच होती. "दुकानमा चिठ्ठी काढाले मी काय किराणा लेवाले गयथू?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही, आबा! मग जिथे तिथे मान कशाला डोलवता?"

बोलले आणि लगेच लाज वाटली. पण रागही गेला नव्हता. आबांनी कानस पुसून पेटीत ठेवली आणि दुसरं पाकीट माझ्यासमोर धरलं, सीलबंद. "एकच घसी," ते हळूच म्हणाले. "पहिले एकवर देखानं, मंग दुसरी."

तासाभरात आम्ही जळगावच्या बसमध्ये होतो. बोर्डाचा खोका आबांच्या मांडीवर. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी नखं खात होते. बोर्ड ठेवून महागाची मेमरी घ्यावी, की मेमरी ठेवून बोर्ड बदलावा? आबा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले.

हितेंद्रने घासलेली पट्टी उजेडात धरली आणि तो हसू दाबायला लागला. मग त्याने बोर्ड नीट तपासला. "वाचलाय. बदलून देतो. प्रोसेसर दोन्हीत चालतो. मग बाबा, फोरचा देऊ की फाईव्हच ठेवता?"

"माले काय इचारस?" आबा म्हणाले. "तिले इचार. माले फक्त कानस घसता येस."

हितेंद्र माझ्याकडे वळला. "ताई?"

एवढे दिवस मला हेच हवं होतं. तरी मी सवयीने आबांकडे पाहिलं, त्यांची मान हलेल म्हणून. ती हलली नाही.

"फोरचा द्या," मी म्हटलं. "आणि तशीच आठची आणखी एक पट्टी. मला दहा वर्षांचं नको, उद्या संध्याकाळचं हवंय."

शनिवारी पावणेसहाला ठुशी स्क्रीनवर गर्रकन फिरली, एकही मणी अडला नाही. फाईल पाठवली आणि फोन हातात घेऊन घरभर येरझाऱ्या घातल्या. सव्वासहाला उत्तर आलं: सोमवारी दुसरं डिझाईन घ्यायला या.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी मान डोलवली नाही. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि खिशातून ती घासलेली पट्टी काढली.

"आते माले समजाडी सांग," ते म्हणाले. "हाई खाच कसाले रहास?"